फलकावर दंतकथेला जागा किती?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत घोड आणि भीमेच्या काठाने देवळे, समाध्या, वीरगळ आणि ओसाड टेकाडे विखुरलेली आहेत. रांजणगावच्या महागणपतीला त्रिपुरासुराची कथा आहे. पाबळला मस्तानीची कबर आहे आणि तिच्या मृत्यूच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या हकिकती आहेत. दौंडच्या बाजूने भीमा ओलांडली की सिद्धटेक येते. तिथे विष्णूने मधु-कैटभांशी लढताना गणेशाची आराधना केली असे सांगतात. नदीपलीकडेच पेडगावचा बहादूरगड आहे आणि शिवाजी महाराजांच्या फौजेने मोगल सुभेदार बहादूरखानाला तिथे कसे चकवले, ही हकिकत आजही रंगवून सांगितली जाते. संरक्षित स्मारकाच्या दारातला फलक मात्र वेगळे बोलतो. नासधूस केली तर १९५८ च्या कायद्याने शिक्षा होईल, असा त्याचा सूर असतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी वाढली. कायदा हवाच. पण ज्या वास्तूला हात लावू नये असे आपण माणसाला बजावतो, तिच्याविषयी त्याला आपुलकी कशी वाटावी, याचा विचार त्या मजकुरात नसतो. ती आपुलकी गावात आधीच असते, कथेच्या रूपाने. तिला फलकावर जागा द्यावी की नाही, आणि दिलीच तर किती, असा हा प्रश्न आहे. त्यातल्या दोन बाजू मी दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. ताई उत्खननाच्या शिस्तीत घडलेल्या संशोधक. गुरुजी गावोगावच्या कथा जमवणारे निवृत्त शिक्षक. दोघेही कल्पनेतले आहेत. मला जिथे बोलायचे आहे तिथे मी मध्ये बोललो आहे.

ताई : गुरुजी, मला कथेचा तिटकारा नाही. माझी तक्रार इतकीच, की कथा वास्तूला झाकून टाकते. यवतवरून वर भुलेश्वरला जा. देऊळ पुरंदर तालुक्यातलं, पण सोलापूर रस्त्यानं येणारा तिथूनच चढतो. भिंतींवर रामायण-महाभारतातले प्रसंग कोरलेत, स्त्रीरूपातला गणपती आहे. आणि येणारे काय बघतात? पिंडीखाली ठेवलेल्या पेढ्यांतला एखादा नाहीसा होतो का, ते. रांजणगावला तेच. मूर्तीच्या खाली तळघरात दहा सोंडांची आणि वीस हातांची महोत्कटाची खरी मूर्ती लपवलेली आहे, असं भाविक एकमेकांना सांगतात. देवस्थान म्हणतं, तशी मूर्ती नाही. पण डोळ्यांसमोरच्या गोष्टीपेक्षा न दिसणाऱ्या गोष्टीचं कुतूहल मोठं. आणि कुठलंही दगडी देऊळ दाखवून विचारा, कोणी बांधलं? पांडवांनी, एका रात्रीत! हे उत्तर मिळालं की पुढचे सगळे प्रश्न संपतात. राजा कोण, दान कोणाचं, पाथरवट कुठले, दगड कुठल्या खाणीतला, यातलं काहीच कोणी विचारत नाही.

गुरुजी : ताई, एका रात्रीत बांधणारे पांडव तुम्हाला खटकतात, मग हेमाडपंताचं काय? हेमाद्री हा यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे, शिलाहारांच्या वेळचा. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी त्या देवळाला हेमाडपंती म्हणणारे शिकलेले लोक मी पाहतो. चुना न वापरता उभारलेलं देऊळ दिसलं की हेमाडपंती, ही पांढरपेशांची दंतकथाच झाली की! आमच्या म्हातारीचे पांडव अज्ञानातले आणि तुमचा हेमाडपंत ज्ञानातला, हा न्याय कसला?

हा टोला बरोबर जागी बसतो. पण त्यातून गुरुजींना हवा तो निष्कर्ष निघत नाही. हेमाडपंताचे श्रेय चुकीचे आहे हे कळले ते एका शिलालेखामुळे. ज्या विद्येने तो समज पसरवला, तिनेच तो खोडण्याचे साधनही दिले. पांडवांच्या कथेला असे साधन नाही. कोणताही लेख, कोणतीही तारीख तिला खोटी पाडू शकत नाही, कारण तारखेशी तिला देणेघेणेच नाही. म्हणून वास्तू कधी आणि कोणी उभारली, या प्रश्नावर दंतकथेची साक्ष घेऊ नये, हे ताईंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण प्रश्न तेवढाच नसतो. देऊळ बांधून झाल्यावरही सात-आठशे वर्षे लोक त्याच्याभोवती जगले, त्याला त्यांनी काही मानले, तिथे नवस बोलले, भांडले, जत्रा भरवली. या दीर्घ आयुष्याचा शिलालेख कोणी कोरत नाही. त्याची नोंद कथेत, विधीत आणि वाटेत असते. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून हेच दाखवले. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी देवींची ठाणी, मेंढपाळांच्या जुन्या वाटा आणि तिथे सापडणारी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे यांचा मेळ घातला. देवीच्या कथेतला मजकूर त्यांनी पुरावा म्हणून घेतला नाही; देवी नेमकी तिथेच का बसली, तिला वर्षातून कोण आणि कुठून भेटायला येते, हे पुरावा म्हणून घेतले. दंतकथा वाचण्याची ही रीत मला सर्वांत भरवशाची वाटते.

गुरुजी : आणि राखणीचं काय? मारुतीच्या पाराजवळ रांगेनं टेकवलेले वीरगळ कोणी राखले? गावाला त्यातला लढवय्या कोण हे माहीत नाही. गाव त्याला वीर म्हणून शेंदूर लावतं, लग्नानंतर नवरा-नवरीला तिथे नेतं. देवाचा दगड घरी नेला तर वंश बुडतो, या एका भीतीनं जेवढं राखलंय तेवढं तुमच्या फलकानं राखलं नसेल.

ताई : राखलं, पण कसं ते बघा. शेंदराच्या थरांखाली कोरीवकाम दिसेनासं होतं. पुढे देवावरची श्रद्धा वाढली आणि वर्गणी जमली की जीर्णोद्धार. जुने खांब काढून सिमेंटचे येतात, भिंतींना फरशा, मूर्तींना ऑइलपेंट. लोकांना देव राखायचा असतो, दगड नाही. शिवाय गुप्तधन! या कबरीखाली मोहरांचा हंडा आहे, या बुरुजात सोनं आहे, हीसुद्धा दंतकथाच ना? तिच्यापायी रात्री फावडी चालतात. गुप्तधनाच्या नावानं होणारे अघोरी प्रकार थांबवायला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तरतूद करावी लागली. १८७८ पासून गाडलेल्या धनाबद्दलचा कायदा आहे, तो किती जणांना ठाऊक आहे?

इथे दोघांकडूनही एक गोष्ट सुटली आहे. कथा दगडाला राखते, पण मातीला राखत नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या वस्त्यांची टेकाडे लोक पांढरी म्हणून ओळखतात. शेकडो वर्षांची राख, शेण, कुजलेले धान्य आणि पडलेल्या भिंती यांची ती माती पिकाला चांगली, म्हणून शेतकऱ्यांनी ती पिढ्यान् पिढ्या गाड्या भरून शेतात नेली. त्यात कोणी पाप मानले नाही. शेंदूर लावायला तिथे दगड नव्हता आणि फलक लावायला तिथे भिंत नव्हती. आपल्या भागातला सर्वांत जुना इतिहास याच मातीत आहे, आणि कथा व कायदा या दोन्ही राखणदारांच्या हातून तोच सर्वांत जास्त निसटला.

गुरुजी : पांढरीला कथा नाही असं कसं म्हणता? किती ठिकाणी सांगतात, इथे मोठी नगरी होती, साधूचा शाप लागला आणि एका रात्रीत पालथी झाली. नगरी होती हे खरं, नाहीशी झाली हेही खरं. लोकांच्या स्मरणात हे टिकलंय.

ताई : अडीच-तीन हजार वर्षं? मधल्या काळात भाषा बदलली, माणसं आली-गेली, दुष्काळांनी गावं उठली. एवढ्या काळातून स्मरण सलग आलं याला पुरावा काय? इंग्लंडमधल्या स्टोनहेंजबद्दल बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथनं लिहून ठेवलं, की मर्लिन जादूगारानं ते दगड आयर्लंडहून आणले. पुढे त्यातले काही दगड खरोखर पश्चिमेकडच्या वेल्समधून आणलेले निघाले. मग कथेत स्मरण आहे असं म्हणण्याचा मोह मोठ्या संशोधकांनाही झाला. २०२१ मध्ये वेल्समधलं एक मोडलेलं शिलावर्तुळ हेच स्टोनहेंजचं मूळ, असंही मांडलं गेलं. त्यावर लगेच आक्षेप आले आणि तो दावा डळमळीत झाला. जुळतंय असं वाटणं आणि जुळणं यांत फरक असतो.

ताईंची सावधगिरी योग्य आहे, तरी पालथ्या नगरीची कथा मला खोटीही वाटत नाही. तिला स्मरण म्हणायचे कारण नाही. नांगर फिरला की खापरे, राख, हाडे आणि मणी वर येतात. हे पाहून इथे कधीकाळी माणसे राहत होती आणि ती गेली, असे ज्याने ओळखले त्याने निरीक्षणावरून अनुमान काढले. उत्खनकही तिथूनच सुरुवात करतो. शाप हे त्याने दिलेले कारण, आणि ते मात्र तपासावे लागते. शिरूर तालुक्यातच ते तपासले गेले आहे. घोडकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती तिथे उलगडली. १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले, जव पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे कोठार मिळाले, पाणी वळवण्यासाठी काढलेला कालवा मिळाला. इ.स.पू. १००० च्या सुमारास मोठी चौकोनी घरे मागे पडून लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे होत गेले, शेती आक्रसली, लोक जनावरांवर आणि शिकारीवर अधिक अवलंबून राहू लागले आणि अखेर गाव उठले, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे ही नगरी एका रात्रीत पालथी झाली नाही. ती तीनशे वर्षे हळूहळू खंगत गेली. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला ही हकिकत परकी वाटणार नाही, कारण पावसाने पाठ फिरवली की गाव कसे रिकामे होते हे या पट्ट्याला चांगले ठाऊक आहे.

गुरुजी : इनामगावचं नाव काढलंत तर मीही विचारतो. तिथे मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्याखाली तोडलेले सापडले. का तोडले, याचं उत्तर तुम्ही कुठून आणलंत? मेलेला माणूस भूत होऊन चालत घरी येऊ नये म्हणून, असंच ना? ही समजूत कुठल्या प्रयोगशाळेतून आली? गोल झोपड्या कशा असतील हे समजून घ्यायला तुम्ही आसपासच्या फासेपारध्यांच्या पालांकडे पाहिलंत. मातीच्या पेटीत बिनशिराची देवी निघाली, तेव्हा गावोगावच्या बिनशिराच्या देवींकडे वळलात. लोकांकडून घेताना तुम्हाला कधी अडचण आली नाही, ताई. परत काय दिलंत?

या प्रश्नापाशी मी पूर्णपणे गुरुजींच्या बाजूचा आहे. इनामगावच्या अन्वयार्थाचा फार मोठा भाग जिवंत लोकसमजुतींच्या आधाराने उभा आहे. मातीच्या लहान पेटीत ठेवलेली ती कच्च्या मातीची शीरविरहित स्त्रीमूर्ती, झाकणावरची दुसरी मूर्ती आणि सोबतचा बैल यांना अर्थ लावताना खापरांचे वर्गीकरण पुरे पडले नाही; लेकरांचे रक्षण करणाऱ्या, सुफलतेच्या देवतांची लोकपरंपराच मदतीला आली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत लहान मूल घरातल्याच जमिनीखाली का ठेवत असतील, हे समजण्यासाठीही आजच्या माणसाच्या मृत्यूविषयीच्या भावना लागतात. अशा तुलना चुकू शकतात आणि चुकल्या तर त्या बदलाव्यात. पण ज्या समाजाने संशोधकाला शब्द आणि कल्पना पुरवल्या त्याच्याशी बोलताना ‘तुमच्या समजुती बाजूला ठेवा, आता शास्त्र ऐका’ असा पवित्रा घेणे अन्यायाचे आहे. उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये इंग्रजीत निघाला. त्यातले पाय तोडण्याचे अनुमान गावात वाचून दाखवले असते, तर गावाने त्यावर काय म्हटले असते? कदाचित सहमती, कदाचित संशोधकाला न सुचलेले तिसरे कारण. दोन्ही कामाचे होते.

गुरुजी : मग इनामगावला एक कथा जोडून द्या. राजा, राणी, शाप. लोक येतील.

ताई : ते मी होऊ देणार नाही. जुनी कथा नोंदवणं वेगळं आणि आपण बसून घडवणं वेगळं. ती लबाडी होईल.

ताई बरोबर आहेत, आणि अशी लबाडी करण्याची गरजही नाही. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा एक मोठा रांजण सापडला. त्यात सुमारे चाळिशीचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत होता. त्याच्या खाली तसाच आणखी एक रांजण होता, पण रिकामा. आणि गावातल्या मोठ्या माणसांचे पाय तोडून पुरण्याची चाल असताना याचे पाय मात्र शाबूत होते. हा गावाचा प्रमुख असावा, असे उत्खनकांनी म्हटले. खालचा रांजण रिकामा का? ज्याचा देह मिळाला नाही अशा कोणाचा तो होता का? प्रमुखाचे भूत परत आले तर गावाला चालणार होते का? कथेला लागते ते सगळे इथे पुराव्यात आहे, आणि तेही न वाढवता. पुराव्याची भाषा रूक्ष असते हा आक्षेप खरा आहे, पण तो लिहिणाऱ्यावरचा आक्षेप आहे.

आता पाबळ. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला आणि मस्तानीही त्याच सुमारास गेली. ती कशी गेली हे निर्विवाद सांगणारा पुरावा हाती नाही. कोणी सांगते तिने अंगठीतला हिरा गिळला, कोणी सांगते ती सती गेली, कोणी म्हणते धक्क्याने प्राण गेला. ताई म्हणतील, यातली एकही फलकावर नको. मी म्हणतो, सगळ्या लिहा, पण त्या मस्तानीच्या मृत्यूचा इतिहास म्हणून नको. सती गेल्याची कथा सांगणारा तिला पत्नीचा दर्जा देऊ पाहतो, जो पेशव्यांच्या घराने दिला नव्हता. हिऱ्याची कथा सांगणारा तिला स्वतःचा निर्णय घेणारी मानिनी करतो. कबरीसमोर उभे राहून लोकांनी पावणेतीनशे वर्षे एका बाईला न्याय द्यायचा प्रयत्न केला, हे या कथांतून दिसते, आणि मराठी समाजाच्या इतिहासात त्याला मोल आहे. मात्र नोंद कसून हवी. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ ची, तिच्यावर आधारलेला चित्रपट २०१५ चा. आज पाबळला जो सांगतो त्याने ते आजीकडून ऐकले की पडद्यावर पाहिले, हे विचारल्याशिवाय ती कथा पाबळची आहे असे म्हणता येणार नाही. पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर स्थानिक आख्यायिका नोंदवते, पण सांगणाऱ्याचा पत्ता त्यात क्वचितच लागतो. तरीही त्या वेळी काय सांगितले जात होते आणि आज काय, ही तुलना त्यामुळे शक्य होते. कथेलाही काळ असतो आणि तो फलकावर लिहिला पाहिजे.

ताई : गुरुजी, शेवटी सगळं वढूपाशी येऊन थांबतं. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू बुद्रुकला गोविंद गोपाळांच्या समाधीजवळच्या फलकावरून तणाव झाला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार कोणी केले, हाच वाद. एका परंपरेत महार समाजातले गोविंद गोपाळ, दुसऱ्या परंपरेत शिवले घराणं. तीन-चार दिवसांत, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगाव भीमाला हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आणि तुम्ही म्हणता, कथा फलकावर आणा?

गुरुजी : तिथे कथा फलकावर आली म्हणून आग लागली नाही, ताई. कोणाचीतरी पुसायची होती म्हणून लागली.

हिंसेची कारणे एका फलकापुरती नव्हती. ती शोधण्याचे काम आयोगाकडे गेले आणि इथे त्यात शिरण्याचे कारण नाही. पण फलकापुरते बोलायचे तर मला गुरुजींचे वाक्य खरे वाटते, आणि ताईंची भीतीही. जिथे दोन समाज एकाच वास्तूविषयी दोन परंपरा जपतात, तिथे एकच लिहिणे म्हणजे सरकारी शिक्क्याने निकाल देणे होय. काहीच न लिहिणे हाही निकालच असतो, कारण ज्याचा आवाज आधीच मोठा आहे त्याला फलक लागत नाही. म्हणून समकालीन कागदपत्रांतून काय सिद्ध होते ते आधी, ठळक आणि थोडक्यात लिहावे. त्याखाली प्रत्येक परंपरा, ती जपणाऱ्यांच्याच शब्दांत, आणि ती लेखी रूपात पहिल्यांदा कधी आढळते त्या सालासह यावी. कुठे ते साल विसाव्या शतकातले निघेल, कुठे त्याहून जुने, कुठे नुसते तोंडी असेल. जे असेल ते लिहावे. मजकूर ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि ज्यांची परंपरा आहे ते समाज तिथे हजर असल्याशिवाय तो कायम करू नये. याला वेळ लागेल, वाद होतील, काही ठिकाणी मजकूर दोन-तीन वर्षे अडकून पडेल. तोवर तिथे फक्त कागदपत्रांचा भाग लावावा आणि उरलेल्या जागेत, परंपरांची नोंद चालू आहे, असे स्पष्ट लिहावे.